पाण्याची चौकट

हे सावकाश वाचायचं आहे. हातातला चहा निवला तरी चालेल, अशा बेतानं बसा.

डोळ्यांसमोर एक नकाशा आणा. इंग्लंडच्या पूर्वेकडचा, सफोक नाहीतर एसेक्स काउंटीचा. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे नकाशे फार बारकाईचे असतात. शेतांची कुंपणं, पायवाटा, एकटी शेतघरं, चर्चचे मनोरे, सगळं त्यांत सापडतं. त्या कागदावरून बोट हळूहळू सरकवत न्या. थोड्या थोड्या अंतरानं, शेताच्या मधोमध, एक निळी चौकट लागते. कधी पुरी, कधी तीनच बाजूंची, कधी नुसता एक काटकोन. तिच्याशेजारी जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत एकच शब्द: मोट.

मराठी वाचक इथं हमखास ठेचकाळतो. आपली मोट विहिरीवरची. बैल धावेवरून उतरले की नाडा ताणायचा, चामड्याची फुगलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात भसकन पाणी ओतायची. त्यांची मोट कुठं जात-येत नाही. घराभोवती खणलेला रुंद चर आणि त्यात साठलेलं पाणी, एवढीच ती. हा उच्चाराचा योगायोग आहे, शब्दांचं नातं काही नाही. तरी मला तो आवडतो, कारण दोन्हीकडे गोष्ट पाण्याची आहे आणि घामाची.

आपल्याकडे तिला खंदक म्हणायचं. हा शब्द फारसीतून अरबीत गेला आणि फिरत फिरत आपल्याकडे आला. मूळ अर्थ ‘खणलेलं’. इंग्रजी शब्दाची गंमत उलटी. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथं त्याचा अर्थ होता उंचवटा, मातीचा ढीग. नॉर्मन सरदार अशा ढिगांवर लाकडी गढ्या उभारत. पुढं कधीतरी शब्द ढिगावरून घसरला, पायथ्याच्या चरात जाऊन पडला आणि तिथंच राहिला.

म्हणजे आपण खड्ड्याकडे बघून नाव ठेवलं, त्यांनी ढिगाकडे बघून. मनातल्या मनात एक फावडं मारून बघा. एक ढेकूळ उचललंत, बाजूला टाकायला वळलात. खड्डा आधी झाला की ढीग? उत्तर द्यायचं नाही. ढेकूळ फावड्यावर आहे, जमिनीत त्याची जागा मोकळी आहे आणि ढीग अजून झालेला नाही, तेवढाच क्षण धरून ठेवा. मग पुढं जाऊ.

खंदक म्हटलं की आपल्या डोक्यात लढाई येते. देवगिरीचा कातळ तासून काढलेला खंदक, नगरच्या भुईकोटाभोवतीचा खंदक, गाइडनं सांगितलेल्या मगरी, दाराला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून मारलेले खिळे. ते सगळं जरा बाजूला ठेवा. इथं तोफा नाहीत, बुरूजही नाहीत. इथं एक जमीनदार आहे, त्याचं लाकडी सांगाड्याचं, वर कौलं नाहीतर गवत शाकारलेलं घर आहे, धान्याचं कोठार आहे, तबेला आहे. अशा घराभोवतीच्या मोटांच्या सुमारे ६,००० जागा आजवर इंग्लंडात नोंदल्या गेल्यात. त्यांतल्या बहुतेक १२५० ते १३५० या एका शतकात खणल्या गेल्या, आणि त्यांची सगळ्यांत दाट गर्दी आहे मध्य आणि पूर्व इंग्लंडात.

या भागात जमिनीखाली चिकणमाती आहे. ती पाणी सोडत नाही. नुसता चर खणला तरी पावसाचं आणि आजूबाजूच्या शेतांतून झिरपणारं पाणी त्यात येऊन बसतं. फेब्रुवारीत अशा शेतातून चाललात तर प्रत्येक पावलाला माती बुटाला आणखी एक थर चढवते. वीसेक पावलांनी तुम्ही दोन इंच उंच होता आणि चाल बैलासारखी होते. माझ्या बुटांची ती माती वाळल्यावर चाकूनं खरवडून काढावी लागली होती, आणि निघाली तेव्हा तिच्यावर तळव्याची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती. ही माती खणायची कशी, हा प्रश्न मला तिथून सुटला नाही.

हिशेब करून बघू. तुम्हीही माझ्याबरोबर करा, कारण आकड्यांवरही मन लावता येतं. समजा मधलं बेट पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद. भोवतीचा चर दहा मीटर रुंद, दोन मीटर खोल, कडा उतरत्या. तर निघणारी माती साधारण साडेतीन हजार घनमीटर. ओली चिकणमाती घनमीटरला दोन टनांच्या घरात जाते, म्हणजे सहा-सात हजार टन. हातात लाकडी फावडं, त्याच्या टोकाला लोखंडाची पट्टी. एका माणसानं दिवसाला तीन घनमीटर खणून वाहून टाकले तर बाराशे दिवस. वीस माणसं लावली तर दोन महिने, रविवार आणि सणवार सोडून. हा माझा घरगुती हिशेब आहे, कोणा तज्ज्ञाचा नाही. पण त्यातून एक माणूस दिसायला लागतो. दिवसातून शेकडो वेळा वाकणारा, मालकाची जमीन कसतो म्हणून ठरावीक दिवस फुकट राबणं ज्याच्या नशिबी आहे असा. त्याचं नाव कुठल्याही नकाशावर गॉथिक अक्षरांत नाही.

त्याच्या पाठीकडे बघा. तो सरळ होतो, कमरेवर हात ठेवतो, पुन्हा वाकतो. हे तीनदा बघा.

आता प्रश्न असा की एवढं कशासाठी. दोन मीटर पाण्यानं चोर, डुकरं आणि शेजाऱ्याची गुरं अडतील. सैन्य अडणार नाही. कित्येक मोटांना चौथी बाजूच नाही, आणि ती नंतर बुजली असंही सगळीकडे म्हणता येत नाही. मग संरक्षण कसलं? इतिहासकारांचा कौल साधारण असा की, ही ऐट होती. तटाला चर्या काढायच्या तर राजाचा परवाना घ्यायची रीत होती, आणि तो मिळवायला वजन लागे. लॉरेन्स ऑफ लडलो नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं १२९१ साली श्रॉपशरमधल्या आपल्या स्टोकसेच्या घरासाठी तो मिळवलाही; पैसा बोलतोच. पण आपल्याच शेतात चर खणायला सहसा कोणी विचारत नसे. किल्ल्याची सगळ्यांत स्वस्त नक्कल म्हणजे त्याचा खंदक. मग बड्या जमीनदाराचं बघून मधल्यानं खणला, मधल्याचं बघून सुखवस्तू शेतकऱ्यानं, आणि एखाद्या गावच्या पाद्र्यानंसुद्धा. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढत होती, जंगलं तोडून नवी शेतं निघत होती, धान्याला भाव होता, मजूर स्वस्त होता. ज्याच्या हाती चार पैसे खुळखुळले त्यानं आपल्या घराभोवती पाण्याची रेघ ओढून घेतली.

हसू येतं खरं. पण नुसती ऐट म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. त्या पुलावर या. पूल साधा आहे, फळ्यांचा. अर्ध्यावर उभे राहा. पाठीमागे चिखल, गाव, देणी-घेणी, पाऊस. पुढं चुलीचा धूर. खाली पाण्यात घर उलटं पडलेलं आहे, आणि वाऱ्याची झुळूक आली की ते मोडतं, थांबली की पुन्हा जुळतं. तीनच पावलांत ‘बाहेर’ संपून ‘आत’ सुरू होतं आणि ते पायांना कळतं. आपल्या उंबऱ्याचं काम तेच, फक्त तो चार बोटं उंच असतो. या लोकांनी उंबरा दहा मीटर रुंद केला आणि त्यात मासे सोडले.

माशांचं मात्र खरंच होतं. चर्चच्या नियमानं शुक्रवारी मांस नाही, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस नाही, आणखीही बरेच दिवस नाही. मासे चालायचे. आपल्याकडच्या मासेखाऊ मंडळींना या उपासाचा हेवाच वाटेल. त्यामुळे दारात ब्रीम, टेंच, पाइक, ईल असणं ही चैन आणि सोय दोन्ही होती. गुरांना पाणी मिळे, छपराला आग लागली तर बादल्या भरायला पाणी हाताशी असे. आणि हो, भिंतीत बांधलेले संडासही याच पाण्यात मोकळे होत. ससेक्समधल्या बोडियमच्या किल्ल्यात असे अठ्ठावीस संडास आहेत, सगळ्यांचा निकाल मोटेत. आज पोस्टकार्डावर तोच किल्ला पाण्यात तरंगणाऱ्या स्वप्नासारखा दिसतो. प्रतिबिंबाला वास नसतो, एवढाच बोध मी त्या पोस्टकार्डावरून घेतला.

बोडियम हे शेतघर नव्हे, किल्लाच. १३८५ चा परवाना आहे त्याला. पण त्याचं नाव काढलं ते आणखी एका कारणानं. १९१६ साली तो विकत घेतला लॉर्ड कर्झननं. आपल्याला बंगालच्या फाळणीमुळे माहीत असलेला तोच. हिंदुस्थानात असताना त्यानं १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा केला. घरी परतल्यावर जुन्या वास्तू वाचवण्याचं वेड त्याला तिकडेही सुटलं नाही. त्यानं बोडियमच्या मोटेचं पाणी काढून तळ तपासला, तटांची डागडुजी केली, आणि १९२५ साली मृत्युपत्रानं सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. माणसाची बेरीज-वजाबाकी करणं अवघड असतं, पण आज आपण ते करायला बसलेलो नाही.

पुन्हा पाण्याकडे या. आता एक जागा अशी, जिथं जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

वॉरिकशर काउंटीत बॅडस्ली क्लिंटन नावाचं मोटेतलं घर आहे. राणी पहिली एलिझाबेथ गादीवर आहे. कॅथलिक पाद्री असणं म्हणजे राजद्रोह, त्याला आसरा देणं म्हणजे फास. हे घर अ‍ॅन वॉक्स आणि तिची बहीण एलिनोर ब्रुक्सबी यांनी भाड्यानं घेतलं आहे आणि आत जेझुइट या कॅथलिक पंथाचे पाद्री गुपचूप जमले आहेत. ऑक्टोबर १५९१. पहाटे दारावर धडका बसतात. नोकर दार अडवून धरतात, तेवढ्या वेळात पूजेचं सामान लपतं, अंथरुणं उलटी होतात, म्हणजे हात लावला तर ऊब लागू नये. आणि माणसं जमिनीखाली उतरतात, घराच्या जुन्या सांडपाण्याच्या बोगद्यात. मोटेत उघडणारी त्याची तोंडं बंद करून ही लपण्याची जागा केली आहे. निकोलस ओवेन या सुताराचं ते काम, असं मानतात.

तिथं त्यांच्यात उभे राहा. ताठ उभं राहता येत नाही. पाय घोट्यापर्यंत पाण्यात आहेत. ऑक्टोबरचं पाणी आहे. भिंतीच्या पलीकडे मोट आहे, तिचा ओलावा पाठीला लागतो. वर फळ्यांवर बूट चालतात, थांबतात, परत येतात. कोणीतरी भिंतीचं लाकूड ठोकून पोकळ आवाज येतो का बघतं. शेजारच्या माणसाचा श्वास तुम्हाला ऐकू येतो, म्हणजे तुमचा त्याला येत असणार. खोकला आला तर काय? असे चार तास.

चार तास आपण थांबू शकत नाही. पण या ओळीनंतर चार श्वास थांबता येईल. पायाखालचं पाणी कुठं हललं नाही पाहिजे, एवढंच भान ठेवा.

झडती घेणारे पैसे घेऊन गेले. त्या दिवशी कोणी सापडलं नाही. पुढं त्यांतल्या काहींना मरण चुकलं नाही. ओवेन १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळानं मेला, जागांचा पत्ता न सांगता. पण या दिवसाची हकिगत लिहून ठेवणारा जॉन जेरार्ड निसटला. त्यालाही टॉवरमध्ये मनगटं बांधून टांगलं होतं, हातांत धड बळ राहिलं नव्हतं. ऑक्टोबर १५९७ च्या एका रात्री दोरावरून लटकत तो पार झाला. काय पार केलं त्यानं? टॉवरची मोट. आयुष्यात एकदा मोटेच्या काठी लपून आणि एकदा मोटेवरून लटकून वाचलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

बॅडस्ली क्लिंटन अजून उभं आहे, लोक तिकीट काढून बघतात. सफोकमधल्या हेल्मिंगम हॉलमध्ये १५१० पासून रोज रात्री पूल उचलून घेतात, असं ते घराणं सांगतं. पण हे अपवाद. ज्या हजारो चौकटी नकाशावर दिसतात त्यांतल्या कितीतरींच्या आत आता काहीच नाही. १३१५ पासून दोन-तीन वर्षं पाऊस थांबला नाही, पिकं कुजली, मोठा दुष्काळ पडला. १३४८-४९ मध्ये प्लेग आला आणि माणसं तिसऱ्या हिश्श्यानं, काहींच्या मते निम्म्यानं गेली. फुकट राबणारे उरले नाहीत, उरलेल्यांनी मजुरी मागितली. नव्या मोटा खणणं मंदावलं, मग जवळजवळ थांबलं. ओल्या बेटावरच्या घरातून कोणी कोरड्या जागी राहायला गेलं, कोणाचा वंश खुंटला.

अशाच एका रिकाम्या बेटावर जाऊ. जिथं पूल होता तिथं आता मातीचा बांध आहे. अलीकडे एक ओक, पाण्यावर शेवाळाची हिरवी साय, तिच्यात बदकं गेल्याची काळी रेघ, आणि तुम्ही बघत असतानाच ती पुन्हा मिटते. आत गेलात की कमरेएवढं नेटल. अंगाला लागलं की आग करणारं हे झाड माणसांनी आणि गुरांनी जिथं पिढ्यान् पिढ्या राख, शेण, उष्टं टाकलं अशा जमिनीत जोमानं वाढतं. सातशे वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर कुठं होतं ते पुराणवस्तूवाल्याआधी पोटरीला कळतं. जमिनीखाली बोगदे करणारा मोल नावाचा प्राणी तिथं मातीचे छोटे ढीग वर काढून ठेवतो. एका ढिगावर नखाएवढा लाल तुकडा असेल. कौलाचा. उचलू नका, तिथंच बघा. अशा अनेक जागांना कायद्याचं संरक्षण आहे. पाण्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट नावाचा जीव असला तर त्यालाही आहे. म्हणजे आजच्या मालकाला चर्यांसाठी राजाचा परवाना नको, पण मोटेला हात लावायचा तर बोटभर उभयचराचा विचार आधी.

आणि मग हा प्रश्न, ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. घर गेलं, चर कसा राहिला?

घर पुसायला फक्त न्यावं लागतं. चांगलं तुळईचं लाकूड कोणी नेलं, कौलं कोणी नेली, दगड असेल तर तो पहिल्यांदा गेला. दर माणूस आपल्या गरजेपुरतं घेऊन गेला आणि पन्नास वर्षांत घर नाहीसं झालं, कोणी पाडलंही नाही. पण खड्डा कोण नेणार? तो नेता येत नाही. तो पुसायचा तर कोणीतरी काहीतरी आणून टाकायला हवं, साडेतीन हजार घनमीटर, आणि एवढ्याची गरज कोणाला नव्हती. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते गेलं, आणि जे काढून टाकलं त्याची रिकामी जागा राहिली. चोरांनाही ती चोरता आली नाही.

त्या रिकामपणाचा काठ धरून एक फेरी मारा. घाई नाही. चार बाजू आहेत. एखाद्या बाजूला पाणी आटून नुसती सखल हिरवळ असेल, तिथून उतरून पलीकडे चढा. उतरताना गुडघ्यांना जे जाणवतं ते त्या वाकलेल्या माणसाचं काम आहे. सफोकमधल्या मेलिस गावी रॉजर डीकिन नावाचा लेखक आपल्या घराच्या मोटेत वर्षानुवर्षं पोहत असे, पावसातसुद्धा. १९९९ साली आलेलं ‘वॉटरलॉग’ हे त्याचं ब्रिटनभर पोहत फिरल्याचं पुस्तक तिथूनच सुरू होतं. खणणाऱ्याच्या मनात पोहणं नव्हतं. खड्ड्याचा उपयोग खणणाऱ्याला विचारून होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खड्डा भरणारा आला. गव्हाला मागणी, हाती बुलडोझर. वीस माणसांनी दोन महिन्यांत काढलेली माती आता थोडक्या दिवसांत परत आत ढकलता येत होती. पुष्कळ मोटा बुजल्या. वरून नांगर फिरला, नकाशावरून शब्द निघाला. ढीग आणि खड्डा पुन्हा सपाट जमीन झाले, पहिलं फावडं मारायच्या आधी होते तसे.

अगदी तसे नाहीत. भरलेली माती भुसभुशीत असते, खोलवर असते, ओल धरते. एरवी ते दिसत नाही. पण २०१८ सारखा कोरडा उन्हाळा पडतो, महिना महिना पाऊस नसतो, सगळं बार्लीचं शेत वेळेआधी पिवळं पडतं. अशा वेळी पुराणवस्तू खात्याची छोटी विमानं फोटो काढायला हिंडतात. वैमानिकाच्या शेजारच्या खिडकीशी बसा. खाली बघा. पिवळ्या शेताच्या मधोमध दहा मीटर रुंदीची एक हिरवी चौकट आहे, चारी कोपरे नीट. तेवढीच बार्ली अजून खालून पाणी पिते आहे.